वॉटरटाइट डब्यात व्हॉल्व्ह ठेवताय? मग आधी गॅसची वाट काढा

लढाऊ मॉडेल जहाजं म्हणजे रिमोटवर चालणारी, गॅसच्या दाबाने बारीक गोळ्या मारून एकमेकांना बुडवणारी छोटी जहाजं. त्यात रिसिव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा), सर्व्हो (दांडी हलवणारी छोटी मोटर), बंदुकांना गॅस सोडणारे व्हॉल्व्ह सगळं एका वॉटरटाइट डब्यात बसवायची पद्धत आहे आणि ती बरोबरच आहे, कारण ही जहाजं बुडणार हे धरूनच बांधलेली असतात, समोरच्याने बाल्साच्या (हलक्या, मऊ लाकडाच्या) भिंतीला भोकं पाडली की पाणी आत येणार, पंपाला झेपेनासं झालं की जहाज तळाला जाणार, आणि ते वर काढून पुढच्या फेरीत परत उतरवायचं असेल तर आतलं इलेक्ट्रॉनिक्स कोरडं राहायलाच हवं. त्यामुळे गॅस्केट कुठलं, ओ-रिंग कुठली, झाकणाला क्लिपा किती यावर सगळे भरपूर डोकं लावतात. बाहेरचं पाणी आत येऊ नये याचा जेवढा विचार होतो तेवढा आतला गॅस बाहेर कसा जाणार याचा मात्र होत नाही, आणि माझ्या मते डब्याच्या निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. हे सगळं त्याच्यावरच आहे.

आधी नेमकं होतं काय ते बघू. टू-वे व्हॉल्व्ह असेल तर तो नुसता उघडतो नि बंद होतो, गॅस एकीकडून आला दुसरीकडून बंदुकीकडे गेला, लीक नसेल तर डब्यात काही सांडत नाही. थ्री-वे व्हॉल्व्हला तिसरी वाट असते, एक्झॉस्टची. एका स्थितीत तो बाटलीकडून आलेला गॅस पुढच्या लाइनमध्ये सोडतो, दुसऱ्या स्थितीत सप्लाय बंद करून त्या लाइनमध्ये अडकलेला गॅस बाहेर टाकतो. बंदूक चालवणारा छोटा पिस्टन, टरेट (बंदुकीचा बुरुज) फिरवणारा एअर सिलिंडर, क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्हची (साठवलेला गॅस झटकन सोडणाऱ्या व्हॉल्व्हची) कंट्रोल लाइन, जिथे दाब भरून परत काढावा लागतो तिथे थ्री-वे लागतोच. आणि हा टाकलेला गॅस जातो कुठे, तर व्हॉल्व्ह जिथे बसवलाय तिथेच. बऱ्याच छोट्या व्हॉल्व्हमध्ये एक्झॉस्टला आटे असलेलं भोक नसतंच, दाबायच्या दांडीच्या कडेकडेने तो फुस्स करून निघतो, म्हणजे सरळ डब्यात.

आता आकडे बघा, कारण आकडे बघितल्याशिवाय हे किती मोठं आहे ते पटत नाही. १:१४४ स्केलच्या लढायांमध्ये कार्बन डायऑक्साइड रेग्युलेटरमधून बहुतेक करून १५० पीएसआयच्या आसपास उतरवून वापरतात, म्हणजे हवेच्या दाबाच्या वर साधारण १० बार. आतला व्यास अडीच मिलिमीटर असलेली २० सेंटिमीटर नळी घ्या, तिच्या पोटात जवळजवळ १ सीसी जागा असते, आणि १० बारला भरलेला तो १ सीसी मोकळा सोडला की त्याचा होतो सुमारे १० सीसी गॅस. डबा १५ बाय १० बाय ६ सेंटिमीटरचा असेल तर आतलं सामान वजा करून समजा ५०० सीसी हवा उरली. तर दर शॉटला डब्यातला दाब २ टक्क्यांनी वाढणार, म्हणजे २० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीएवढा. ऐकायला काहीच नाही वाटत, पण झाकणाचं क्षेत्रफळ १५० चौरस सेंटिमीटर आहे, त्यावर हा दाब आतून ३ किलोचा जोर लावतो. पाच शॉटला १५ किलो. डबा खरोखरच हवाबंद असेल आणि पन्नास शॉट मारले तर १५० किलो. अर्थात तिथपर्यंत कुठलाच डबा जात नाही, त्याआधी सगळ्यात कमजोर जागा हार मानते, आणि ती जागा कुठली हे तुम्ही ठरवलेलं नसतं हाच सगळा घोळ आहे.

लहान जहाजात हे आणखी वाईट. बिस्मार्क खरी २५१ मीटर लांब होती, मॉडेल होतं पावणेदोन मीटरच्या जवळ आणि रुंदी २५ सेंटिमीटर, डब्याला ऐसपैस जागा. फ्लेचर वर्गाची विनाशिका केली तर लांबी ८० सेंटिमीटर आणि रुंदी जेमतेम ८, तिथे डब्यात सव्वाशे सीसी हवा उरली तरी खूप, आणि तेवढ्यात तेच १० सीसी सोडले की एका शॉटला ८ टक्के. त्यामुळे जहाज छोटं आहे, बंदूक एकच आहे, व्हेंट (गॅस बाहेर जायची वाट) कशाला, असं म्हणू नका, उलट छोट्यालाच आधी लागतो.

डब्यावर आयपी ६७ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहणारे पण असतात. त्या रेटिंगचा अर्थ डबा १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकतो एवढाच, तोही पाणी बाहेरून दाबतंय तेव्हा. बाहेरचा दाब झाकण गॅस्केटवर आणखी दाबून बसवतो. आतला दाब झाकण उचलतो, गॅस्केट सैल करतो, कडेने थोडा गॅस निसटतो आणि झाकण परत बसतं. बसताना गॅस्केट जागेवरून जरासं सरकलेलं असतं किंवा त्याच्याखाली एखादा बाल्साचा कण येऊन अडकतो, आणि मग जहाज बुडालं की तिथूनच पाणी. वरून बघणाऱ्याला वाटतं गॅस्केट खराब होतं. गॅस्केट चांगलंच होतं, त्याला त्याचं नसलेलं काम करायला लावलं.

मला विचाराल तर पहिला प्रश्न व्हॉल्व्ह डब्यात हवाच का हा आहे. व्हॉल्व्हच्या पितळी अंगाला पाण्याचं भय नसतं, भय असतं ते त्याला चालवणाऱ्या सर्व्होला किंवा कॉइलच्या कनेक्शनला. सर्व्हो डब्यात ठेवून त्याची दांडी रबरी बेलोजमधून (घड्यांच्या लवचिक टोपीतून) बाहेर काढून व्हॉल्व्ह बाहेर बसवला, किंवा रेझिनमध्ये पूर्ण बंद केलेली कॉइल असलेला सोलेनॉइड (विजेने उघडणारा व्हॉल्व्ह) वापरला, तर व्हेंटचा प्रश्नच मिटतो, गॅस मोकळ्या हलमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात जातो. तोटा असा की तळ्याचं पाणी गढूळ असतं, बुडालेल्या जहाजात चिखलाचा बारीक गाळ एक्झॉस्टमधून व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत जातो आणि मग तो हळूहळू लीक व्हायला लागतो, म्हणजे दर वेळी बुडाल्यावर स्वच्छ पाण्याने धुवून, गॅसने फुंकून, तेलाचा थेंब टाकून ठेवणं आलं. जागा असेल आणि ही निगा ठेवणार असाल तर हाच मार्ग घ्या. पण कित्येक जहाजांत सर्व्हो, कॅम आणि चार व्हॉल्व्ह एका पट्टीवर बसवलेले असतात, ते फोडून बाहेर नेणं शक्य नसतं, तेव्हा पुढचं वाचा.

दुसरा चांगला मार्ग म्हणजे गॅस डब्यात येऊच न देणं. व्हॉल्व्ह घेतानाच एक्झॉस्टला आटे असलेलं तिसरं भोक आहे का ते बघा. असेल तर त्याला बार्ब (नळी घट्ट बसवायचं खाचांचं टोक) लावायचा, नळी चढवायची आणि डब्याच्या भिंतीतून बल्कहेड फिटिंगने बाहेर काढायची, झालं. चार व्हॉल्व्हचे चार एक्झॉस्ट एका छोट्या मॅनिफोल्डमध्ये (अनेक नळ्या एकत्र आणणाऱ्या ठोकळ्यात) जोडून एकच मोठी नळी बाहेर नेली तरी चालतं, फक्त ती एकत्र नळी खरंच मोठी हवी, नाहीतर एका बंदुकीचा एक्झॉस्ट दुसऱ्या व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टमध्ये उलटा दाब देतो आणि हलक्या स्प्रिंगचा पिस्टन त्याने हलू पण शकतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण यात गल्लत होते. डब्यात दाब थोडा वाढला तर बंदुकीला काही कळत नाही, १० बारसमोर ०.१ बार म्हणजे काहीच नाही. पण एक्झॉस्टलाच थेट बारीक, लांब नळी जोडली तर मात्र बंदुकीला लगेच कळतं. ज्या बंदुका लाइन मोकळी झाली की सुटतात, म्हणजे क्विक एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर चालणाऱ्या, त्यांचा जोर कंट्रोल लाइन किती झटकन रिकामी होते यावर असतो. ती हळू रिकामी झाली तर पिस्टन हळू सरकतो, साठवलेला गॅस बॅरलमध्ये एकदम जायच्या ऐवजी रेंगाळत जातो आणि गोळी बॅरलमधून लोळत बाहेर पडते. म्हणून एक्झॉस्टची नळी सप्लायच्या नळीपेक्षा जाड आणि शक्य तितकी आखूड ठेवा. संथ प्रवाहात नळीचा आतला व्यास दुप्पट केला की अडथळा साधारण सोळा पटींनी कमी होतो, लांबी निम्मी केली तर फक्त निम्मा होतो, तेव्हा जागा खर्च करायचीच तर व्यासावर करा. आणि व्हॉल्व्ह ते बंदूक ही नळी पण आखूड करा, तिच्यातला प्रत्येक सीसी वाचला तर दर शॉटला दहा सीसी गॅस कमी सोडावा लागतो, बाटली पण जास्त पुरते.

भिंतीतून नळी काढताना नुसतं भोक पाडून नळी घुसवून वरून सिलिकॉन थापणं नको, ते पहिल्यांदा टिकतं आणि नळी दोनचार वेळा ओढली गेली की सुटतं. दोन्हीकडून नट आणि ओ-रिंग असलेलं बल्कहेड फिटिंग लावा. डबा पॉलिकार्बोनेटचा असेल तर आट्यांना थ्रेडलॉकर (आटे पक्के करायचा गोंद) लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेटला ताणाच्या जागी बारीक तडे जातात आणि ते दिसेपर्यंत वेळ गेलेली असते, तिथे ओ-रिंगवर विसंबा. सिलिकॉन सीलंट लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, त्यातून निघणारं अ‍ॅसिड बंद डब्यात तांब्याच्या तारा आणि सोल्डर खातं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. भोक पाडायला स्टेप ड्रिल वापरलं तर प्लास्टिक चिरत नाही. आणि भोकं सगळी डब्याच्या वरच्या भागात पाडा, झाकणात नकोत, झाकण प्रत्येक वेळी काढताना नळ्या ओढल्या जातात.

आता तिसरी परिस्थिती, जी सगळ्यात जास्त असते. व्हॉल्व्ह दांडीच्या कडेने एक्झॉस्ट करणारा आहे, बदलायचा नाही, आणि डब्यातच राहणार आहे. मग अख्ख्या डब्यालाच व्हेंट द्यायचा. डब्याच्या सगळ्यात वरच्या कोपऱ्यात, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूला, आतून निदान ४ मिलिमीटर मोकळं राहील असं फिटिंग बसवा, मोठ्या जहाजात ६ मिलिमीटर. समोरच्या बाजूला अशासाठी की गॅस व्हॉल्व्हपासून व्हेंटपर्यंत डबाभर फिरून जातो. बाटलीतला कार्बन डायऑक्साइड कोरडा असतो, तो असा डब्यातून वाहत राहिला तर आतली दमट हवा हळूहळू बाहेर ढकलतो, त्यामुळे डब्यात एक्झॉस्ट सोडणं ही निव्वळ वाईट गोष्ट नाहीये, वाट नीट असेल तर तो फायदाच आहे.

फिटिंगपासून नळी वर न्यायची ती जहाजावरच्या सगळ्यात उंच आणि आतून पोकळ जागेत, आणि अशी जागा युद्धनौकेवर तयारच असते, धुराडं. खऱ्या नौकेचं धुराडं पाण्यापासून २० मीटर उंच असेल तर मॉडेलवर ते १४ सेंटिमीटर येतं, म्हणजे जहाज निम्मं भरलं, एका बाजूला कललं तरी नळीचं तोंड बराच वेळ पाण्याबाहेर. नळीचं तोंड वर उघडं ठेवू नका, उलटा यू करून खाली वळवा, म्हणजे पंपाचा फवारा आणि शेजारी पडलेल्या गोळीने उडालेलं पाणी आत जात नाही. सिलिकॉनची मऊ नळी वळणावर दुमडून बंद होते, डेक वरून दाबला की तर हमखास, म्हणून वळणाच्या ठिकाणी पितळी नळीचा वाकवलेला तुकडा घाला नाहीतर जाड भिंतीची पॉलियुरेथेन नळी घ्या. सुपरस्ट्रक्चर काढता येण्यासारखं असेल तर नळीला तिथे एक जोड द्या, नाहीतर घाईत सुपरस्ट्रक्चर उचललं की नळी डब्यापासून उपटली जाणार.

उघडी नळी मात्र पुरेशी नाही. जहाज पूर्ण बुडालं की धुराडंही बुडतं, आणि मग तुम्ही पाण्यासाठी सरळ रस्ताच बांधलेला असतो. तेव्हा तोंडाला एकदिशा झडप हवी, गॅस बाहेर जाऊ देणारी आणि पाणी आत न घेणारी. यासाठी मला सगळ्यात जास्त भरवशाची वाटते ती प्रयोगशाळेत पूर्वीपासून वापरतात ती बुन्सेन झडप, घरी पाच मिनिटांत होते. मऊ सिलिकॉन किंवा लॅटेक्सची नळी घ्या, आतून ५-६ मिलिमीटर आणि भिंत १ मिलिमीटरच्या आसपास, चारेक सेंटिमीटर तुकडा कापा, एक टोक काचेच्या मण्याने किंवा आटे नसलेल्या गुळगुळीत पिनेने घट्ट बंद करा आणि मधल्या भागात नव्या कोऱ्या ब्लेडने लांबीच्या दिशेने १० मिलिमीटरची एकच चीर द्या. चीर आरपार पण सरळ हवी, ब्लेड एकदाच ओढायचं, करवतीसारखं मागेपुढे केलं तर कडा खरबरीत होतात आणि झडप टपकते. आतून दाब आला की चिरेचे ओठ उघडतात, बाहेरून पाण्याने दाबलं की आणखी घट्ट मिटतात, आणि जितकं खोल जाईल तितके घट्ट. सायकलच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये पिनेच्या भोकावर रबरी व्हॉल्व्ह ट्यूब चढवलेली असते तिचंही तत्त्व हेच, पण ती पिनेवर फार ताणून बसते आणि उघडायला खूप दाब मागते, म्हणून ती तशीच उचलून इथे लावू नका. बाजारात तयार डकबिल (बदकाच्या चोचीसारख्या) झडपा मिळतात त्याही उत्तम, घेताना किती दाबाला उघडते ते बघा, जितकं कमी तितकं बरं.

मत्स्यालयाच्या हवेच्या नळीला लावतात ती एकदिशा झडप पण बरेच जण लावतात. ती चालते, पण आतली वाट अरुंद असते, एक बंदूक असेल तर ठीक, चार बंदुका एका वेळी सुटल्या तर तिच्यातून गॅस पुरेसा वेगाने जात नाही, मग दोन झडपा समांतर लावाव्या लागतात. शिवाय वाळूचा एक कण अडकला की ती उघडीच राहते. पाणी अडवून हवा जाऊ देणाऱ्या पातळ टेफ्लॉन पडद्याचे व्हेंट प्लग मिळतात, बाहेरच्या दिव्यांना नि कंट्रोल पॅनेलला असतात तसले, ते तापमानाच्या चढउतारासाठी सुंदर आहेत पण व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टसाठी एकट्याने पुरतील असं धरू नका. त्यांच्या माहितीपत्रकात मिनिटाला किती हवा जाते ते दिलेलं असतं. दर दोन सेकंदांनी एक शॉट आणि शॉटला १० सीसी म्हणजे मिनिटाला ३०० सीसी एका बंदुकीचे, त्याच्याशी ताडून बघा. आणि व्हॉल्व्हला घातलेलं तेल गॅसबरोबर उडून पडद्यावर बसलं की त्याचा पाणी अडवायचा गुण जातो, तेव्हा प्लग लावायचाच तर व्हॉल्व्हच्या तोंडासमोर नको.

आता उलटा प्रश्न, जो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गॅस फक्त बाहेरच जाऊ शकतो, आत काहीच येऊ शकत नाही, तर डबा थंड झाल्यावर काय? उन्हात ४० अंशांना तापलेला डबा पाण्यात जाऊन २५ अंशांवर आला तर आतला दाब जवळपास ५ टक्क्यांनी पडतो, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटर पाण्याएवढी ओढ तयार होते, आणि ती ओढ दांडीच्या सीलमधून, तारांच्या ग्रोमेटमधून पाणी आत खेचते, जहाज बुडालेलं नसतानाही. यावर साधा उपाय आहे, जहाज पाण्यात ठेवून दहा मिनिटं थंड होऊ द्या आणि मगच व्हेंटची नळी डब्याला जोडा किंवा झाकण शेवटचं बंद करा. नंतर पहिल्या काही शॉटचा गॅसच डब्याला किंचित वरच्या दाबावर आणून ठेवतो. बुन्सेन झडप उघडायला जो थोडा दाब लागतो, समजा १० ते २० सेंटिमीटर पाण्याएवढा, तेवढा डब्यात कायम राहतो, आणि पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या जहाजात तेवढ्याने सीलमधून पाणी यायच्या ऐवजी गॅस बाहेर जातो. मी तर म्हणेन एक्झॉस्टचा हा सगळ्यात चांगला उपयोग आहे, मुद्दाम करून घ्यावा असा. अट एकच, झडप तेवढ्याच दाबाला उघडली पाहिजे आणि पुढे दाब चढू दिला नाही पाहिजे.

डब्याच्या आतली मांडणी पण थोडी बघा. दांडीच्या कडेने येणारा फवारा थंड असतो, वेगात असतो आणि तेलकट असतो, त्याच्या तोंडासमोर रिसिव्हर नको, कनेक्टर नकोत. मध्ये प्लास्टिकची एक पट्टी उभी केली तरी पुरते. लिथियम पॉलिमर बॅटरी या डब्यात अजिबात नको, बिघडली तर ती स्वतः गॅस सोडते आणि पेटू शकते, आणि ते बंद डब्यात होणं म्हणजे नुसतं नुकसान नाही तर माणसाला धोका, तिला वेगळी जागा द्या.

आणखी एक धोका म्हणजे आतली फिटिंग निसटणं. तेव्हा दर शॉटला १० सीसीचा हिशेब राहत नाही, रेग्युलेटर देईल तेवढा सगळा गॅस डब्यात ओतला जातो आणि कुठलाच छोटा व्हेंट त्याला पुरत नाही. म्हणून झाकणाला बारा स्क्रू ठोकून तिजोरी बनवू नका. डब्याच्या भिंतीत एक १५-२० मिलिमीटरचं भोक ठेवून त्यात बाहेरून निमुळता रबरी बूच हाताने दाबून बसवा, दाब जास्त झाला तर आधी बूच उडेल, झाकण किंवा प्लास्टिकचे तुकडे नाही. बुचाला दोरी बांधा आणि त्याचं तोंड डेकच्या आतल्या बाजूला राहील, उघड्यावर माणसाच्या दिशेने नाही, असं बघा. बाटलीतला दाब २० अंशांना साधारण ५७ बार असतो, म्हणजे ८०० पीएसआयच्या वर, तेव्हा रेग्युलेटर, त्याच्या पुढचा रिलीफ व्हॉल्व्ह आणि बंद करायची चावी हे तिन्ही डब्याबाहेरच ठेवा, हात पोचेल असे.

सगळं जोडलं की तपासणी, आणि ही टाळू नका कारण अंदाजाने व्हेंट पुरेसा आहे की नाही ते कळतच नाही. एक-दीड मीटरची पारदर्शक नळी यू आकारात फळीला बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा, एक टोक डब्याच्या रिकाम्या फिटिंगला जोडा, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पातळीत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे ०.०१ बार. बंदुका रिकाम्या करा, तरी डोळ्यांना चष्मा लावा आणि बॅरल कोणाकडे नको, कारण आत एखादी गोळी अडकलेली असू शकते. मग एक शॉट मारा. पाणी टुणकन वर जाईल आणि परत बसेल. किती वर जातं यापेक्षा किती लवकर बसतं ते बघा, पुढच्या शॉटच्या आत ते झडपेच्या उघडण्याच्या दाबापर्यंत खाली आलं पाहिजे. आता सगळ्या बंदुका जेवढ्या वेगाने लढाईत मारता तेवढ्या वेगाने दहा शॉट. दर शॉटला पातळी थोडी थोडी चढत चाललीय आणि उतरत नाहीये असं दिसलं तर व्हेंट लहान आहे किंवा नळी कुठेतरी दुमडलीय. आणि एकही शॉट न मारता, नुसता गॅस चालू ठेवल्यावर पातळी हळूहळू चढत असेल तर डब्यात लीक आहे, साबणाचं पाणी लावून शोधा, बहुतेक वेळा बार्बवरून नळीचं टोक किंचित फाटलेलं असतं.

झडपेची तपासणी वेगळी करा. तिच्या बाहेरच्या बाजूला मोठ्या व्यासाची एक मीटर नळी उभी चढवा, पाण्याने भरा आणि खालचं टोक टिश्यू पेपरवर ठेवून दहा मिनिटं थांबा, ही एक मीटर खोल तळ्याची परीक्षा झाली. तुमचं तळं जास्त खोल असेल तर नळी तेवढी लांब घ्या. टिश्यू ओला झाला तर चीर पुन्हा नव्या तुकड्यावर द्या, जुनीच चिकटवत बसू नका. मग रिसिव्हर, सर्व्हो काढून डब्यात टिश्यू भरून, वजन बांधून, व्हेंट आणि झडपेसकट अख्खा डबा बादलीत बुडवा. बुडबुडे कुठून येतात तिथे खूण करा.

तळ्यावर जहाज उतरवताना झडपेच्या ओठांना ओलं बोट लावून ते मोकळे आहेत ना ते बघायचं, सिलिकॉन नवं असताना ओठ आपोआप चिकटतात आणि पहिल्या शॉटला उघडत नाहीत, थोडी टाल्कम पावडर लावली की सुटतात. जहाज बुडालं आणि गॅस चालूच राहिला तर धुराड्यातून येणाऱ्या बुडबुड्यांवरून ते कुठे आहे ते पण कळतं. वर काढल्यावर आधी बॅरलच्या तोंडावर गोळी अडवणारी सेफ्टी, मग बाटलीची चावी बंद, मग लाइनमधला उरलेला गॅस शॉट मारून संपवा, मग बूच काढा, आणि त्याच्यानंतरच झाकणाला हात लावा, तोंड झाकणावर न आणता. दुसऱ्या दिवशी झाकण आतून ओढल्यासारखं घट्ट बसलेलं मिळू शकतं, कारण सिलिकॉनमधून कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा खूप लवकर झिरपून बाहेर जातो आणि त्याच्या बदल्यात तेवढ्या वेगाने हवा आत येत नाही. अशा वेळी स्क्रूड्रायव्हरने झाकण उचकटू नका, गॅस्केटची कड कापली जाते, बूच काढलं की झाकण आपोआप सुटतं. जहाज ठेवून देताना बूच काढूनच ठेवा आणि बुन्सेन झडपेचा तुकडा नव्या सीझनला नवा कापा, लॅटेक्सचा असेल तर मध्येच एकदा, कारण उन्हात लॅटेक्स कडक होतं आणि चिरेच्या टोकांपासून फाटत जातं.